परिचारिकेच्या अष्टसिद्धी

योगशास्त्रात आठ सिद्धी सांगितल्या आहेत. अणूइतके सूक्ष्म होता येणे म्हणजे अणिमा, पर्वतप्राय होणे म्हणजे महिमा, कोणी हलवू शकणार नाही इतके जड होणे म्हणजे गरिमा आणि पिसासारखे हलके होणे म्हणजे लघिमा. याखेरीज हवी ती वस्तू बसल्या जागी हाती येणे, इच्छा करताच ती फळास जाणे, सर्वांवर सत्ता चालणे आणि समोरच्यास वश करून घेणे, या उरलेल्या चार. मारुतीच्या आणि नवनाथांच्या कथांमुळे या सिद्धी मराठी घरांत लहानपणापासून परिचित असतात. मात्र कथांतील सिद्धपुरुषांनी त्यांचा उपयोग बहुधा युद्धात, वादात किंवा एखाद्या राजाचा गर्व उतरवण्यासाठी केला. रोजच्या नोकरीत या सिद्धींची खरी निकड कोणास भासते, असा प्रश्न केला, तर रुग्णालयाच्या सर्वसाधारण कक्षात सकाळच्या पाळीवर उभ्या असलेल्या परिचारिकेचे नाव पहिल्या काहींत घ्यावे लागेल.

चार हात असते तर, पाठीला डोळे असते तर, घड्याळ तासभर थांबवता आले असते तर, अशी मनोराज्ये परिचारिकांच्या विश्रांतिकक्षात चहाच्या घोटाबरोबर रचली जातात आणि घोट संपण्यापूर्वीच मोडलीही जातात. त्यांकडे केवळ थट्टा म्हणून पाहण्याचे कारण नाही. माणूस ज्या अद्भुत शक्तीची कल्पना करतो, तीवरून त्याच्या दिवसात नेमके काय कमी पडते ते कळते. परिचारिकांच्या या मागण्यांचा धागा धरून मागे गेले, तर बहुतेक वेळा एखाद्या अगदी साध्या, किंमत ठरवता येण्याजोग्या वस्तूपाशी किंवा न भरलेल्या एका पदापाशी येऊन थांबावे लागते. (पुरुष परिचारकांना कक्षात ‘ब्रदर’ म्हणतात. येथे जे म्हटले आहे ते त्यांनाही तितकेच लागू आहे.)

सर्वांत मोठी मागणी अनेक देहांची. भागवतातील सौभरी ऋषींनी मांधाता राजाच्या पन्नास कन्यांशी विवाह केला आणि योगबळाने पन्नास रूपे घेऊन पन्नास संसार केले. योगशास्त्रात या सामर्थ्याला कायव्यूह म्हणतात. सकाळी आठच्या सुमारास कक्षात पाऊल टाकले, की कायव्यूहाची गरज पटू लागते. रात्रपाळीची परिचारिका प्रत्येक खाटेपाशी थांबून रुग्णाची हकीकत सोपवत असते, एका खाटेवरील सलाईन संपत आलेले असते, दुसऱ्या खाटेवरील रुग्णास शस्त्रक्रियागृहात पाठवण्याची तयारी व्हायची असते, प्रयोगशाळेसाठी रक्त घ्यायचे असते, मोठ्या डॉक्टरांची फेरी दाराशी आलेली असते, आणि काल ज्यास घरी जाण्यास सांगितले त्याचे नातेवाईक कागदांसाठी टेबलाशी उभे असतात. यांपैकी एकही काम नंतर करू म्हणण्याजोगे नसते.

भारतीय परिचर्या परिषदेच्या मानकानुसार अध्यापन रुग्णालयाच्या सर्वसाधारण कक्षात तीन रुग्णांमागे एक, इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक आणि अतिदक्षता विभागात प्रत्येक रुग्णामागे एक परिचारिका असावयास हवी. हे प्रमाण प्रत्येक पाळीतले, आणि रजेची उणीव भरून काढण्यासाठी तीस टक्के जादा मनुष्यबळ त्याहून वेगळे. ज्यांनी सार्वजनिक रुग्णालयात आप्ताच्या उशाशी एखादी रात्र काढली आहे, त्यांना कागदावरचे हे प्रमाण आणि डोळ्यांपुढचे दृश्य यांतील अंतर निराळे सांगावयास नको. तीस-चाळीस खाटांच्या कक्षात टेबलावरच्या दिव्याशी एकच परिचारिका बसलेली असते. नव्हे, बसलेली क्वचितच असते.

बँकेच्या शाखेत रोखपाल एक आणि रांग लांब असली, तर ग्राहकाची चिडचिड होते, वेळ जातो, फार तर व्यवस्थापकांकडे तक्रार होते. रक्कम मात्र शाबूत राहते. कक्षातील रांगेत ज्याची प्रकृती सर्वांत वेगाने ढासळत असते, तोच बहुधा सर्वांत कमी बोलतो. तो टोकन दाखवत नाही. २००२ साली लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याच्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या बाबतीत, प्रत्येक परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की तीस दिवसांच्या आत मृत्यू येण्याची शक्यता सात टक्क्यांनी वाढते, असे त्यात आढळले. कॅलिफोर्नियाने १९९९ मध्येच या प्रमाणाचा कायदा केला होता. तो २००४ पासून अमलात आला आणि पुढच्या वर्षापासून तेथील सर्वसाधारण कक्षांत एका परिचारिकेकडे पाचांहून अधिक रुग्ण देण्यास मनाई झाली. ऋषींनी तपश्चर्येने मिळवलेला कायव्यूह एका राज्याच्या विधिमंडळाने अशा रीतीने, मतदान घेऊन, काही अंशी मिळवून दिला.

लघिमा ही दुसरी सिद्धी. परिचारिका मात्र ती स्वतःसाठी मागणार नाही, रुग्णासाठी मागेल. अंथरुणास खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवावे, ही शुश्रूषेची जुनी रीत आहे. एकाच जागी भार राहिला की त्वचेचा रक्तपुरवठा तुटतो, आधी लाली येते, मग फोड आणि शेवटी हाडापर्यंत जाणारी जखम. सत्तर किलोच्या अचेतन देहाला वळवणे, वर सरकवणे, खाली चादर बदलणे ही कामे कक्षात ‘मावशी’ आणि ‘मामा’ यांच्या मदतीने होतात. ते दोघे दुसरीकडे गुंतले असतील तर एकटीने. अमेरिकेतील कामगार-आरोग्य तज्ज्ञांनी २००७ साली हिशेब मांडला, की रुग्णाला हाताने उचलताना एका व्यक्तीवर सुमारे सोळा किलोंपेक्षा अधिक भार येऊ नये. हमालाच्या पाठीवरचे पोते निदान हातपाय झाडत नाही आणि पडण्याच्या भीतीने उचलणाऱ्याच्या गळ्यास मिठी मारत नाही. यावरचा उपाय जगाला ठाऊक आहे: घसरती चादर, उचलणारे यंत्र, वरखाली होणारी खाट. यांतील पहिली वस्तू तर कोणत्याही रुग्णालयास परवडण्याजोगी आहे.

या संदर्भात मुंबईच्या केईएम रुग्णालयातील एका खोलीचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. तेथील परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर १९७३ साली रुग्णालयाच्या आवारातच पाशवी हल्ला झाला आणि त्यानंतर त्या कधीही पूर्ण भानावर आल्या नाहीत. २०१५ च्या मे महिन्यात त्यांचे निधन होईपर्यंत, म्हणजे सुमारे बेचाळीस वर्षे, त्या रुग्णालयातील परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांना भरवले, न्हाऊ घातले, कुशीवर वळवले. ज्यांचा जन्मही १९७३ नंतरचा, अशा मुलींनी हे केले. सर्वोच्च न्यायालयापुढे हे प्रकरण आले आणि २०११ मध्ये निकाल लागला, तेव्हा इतक्या वर्षांत त्यांना एकही शय्याव्रण झाला नव्हता, ही बाब रुग्णालयाच्या वतीने नोंदवली गेली होती. या एका वाक्यात किती हजार वेळा कूस बदलण्याचे श्रम आहेत, याचा हिशेब बँकेतील मंडळींनी वाटल्यास करून पाहावा. दिवसातून बारा वेळा धरले, तरी आकडा दीड लाखांच्या पलीकडे जातो.

काही वर मात्र खरोखरच मिळून गेले आहेत, आणि ते इतक्या गुपचूप मिळाले की त्यांचे नवलही उरले नाही. माणसाच्या रक्तात प्राणवायू किती आहे हे नुसत्या डोळ्यांनी ओळखणे फार अवघड असते. ओठ निळे दिसू लागेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. जपानी अभियंते ताकुओ आओयागी १९७०च्या दशकात हृदयातून वाहणाऱ्या रक्ताचे मोजमाप करत असताना नाडीच्या ठोक्यांमुळे प्रकाशाच्या नोंदीत येणारा थरथराट त्यांच्या कामात सारखा अडथळा आणत होता. तो घालवण्याच्या खटपटीत असताना त्याच थरथराटात प्राणवायूचे प्रमाण दडले आहे, हे त्यांच्या ध्यानात आले. बोटाला चिमट्यासारखे लावायचे ते लहानसे उपकरण त्यातून आले आणि २०२० च्या साथीत ते घरोघरी पोहोचले. मनगटावरची न दिसणारी शीर शोधण्यासाठीही आता अवरक्त प्रकाशाचे उपकरण निघाले आहे. रक्त तो प्रकाश शोषून घेते, त्यामुळे त्वचेवर शिरांचे जाळे गडद उमटते. तान्ह्या बाळाच्या हाताला चार वेळा सुई टोचावी लागलेली आई या दृष्टीचे मोल जाणते. तथापि दिव्यदृष्टीलाही तिच्या मर्यादा आहेत. बोट गार पडले असेल किंवा नखांवर रंग असेल, तर प्राणवायूचा आकडा चुकतो; सावळ्या-काळ्या त्वचेवर तो प्रत्यक्षाहून अधिक दिसू शकतो, हे २०२० सालच्या एका अमेरिकी अभ्यासाने ठळकपणे पुढे आणले. उपकरणावर शहाण्णव दिसत असताना ‘याचे काही ठीक दिसत नाही’ असे म्हणून डॉक्टरांना बोलावणारी अनुभवी परिचारिका त्यामुळे कालबाह्य ठरत नाही.

परकायाप्रवेश ही अष्टसिद्धींत न मोजलेली, पण शंकराचार्यांच्या कथेमुळे प्रसिद्ध झालेली विद्या. दुसऱ्याचे दुखणे त्याच्या देहात शिरून क्षणभर अनुभवता आले, तर परिचर्येचे निम्मे काम हलके होईल. वेदनेचे मोजमाप करणारे यंत्र अद्याप निघालेले नाही. रुग्ण जे सांगेल त्यावरच विसंबावे लागते, आणि सांगणे भाषेवर अवलंबून असते. मराठी भाषा या बाबतीत विलक्षण संपन्न आहे. ठणका वेगळा, ठसठस वेगळी. कळ येते आणि जाते, जळजळ राहते. चमक निघते, मुरडा येतो, भगभग होते, हुळहुळते, मुंग्या येतात. ‘सलाईनच्या जागी ठसठसतंय’ असे रुग्णाने म्हटले, तर जाणकार परिचारिका लगेच तेथील सूज पाहते. ‘नुसतं हुळहुळतंय’ म्हटले, तर तिची चाल तितकी घाईची नसते. या प्रत्येक शब्दात निदानाचा एक धागा आहे.

परंतु हा धागा भाषेच्या सीमेवर तुटतो. देशातील मोठ्या शहरांच्या रुग्णालयांत केरळमधून आलेल्या परिचारिकांची परंपरा जुनी आहे. कोट्टायम किंवा पत्तनंतिट्टा जिल्ह्यातून दिल्लीस आलेली मुलगी पाठ्यपुस्तकातील इंग्रजी आणि सहा महिन्यांत कानांवर पडलेली हिंदी यांच्या बळावर कामाला लागते, आणि समोर येतो तो दरभंग्याचा मैथिली बोलणारा वृद्ध. मुंबईत परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात बंगाल, आसाम, बिहारपासून रुग्ण येतात. तेथे मराठी परिचारिकेची ‘ठसठस’ आणि ‘कळ’ निरुपयोगी ठरतात. पशुपक्ष्यांची भाषा समजणारे राजे कथांत भेटतात. एखाद्या परिचारिकेस मैथिली, ओडिया, संथाली एवढेच समजले तरी पुरे होईल. या अडचणीतून वाट काढली ती काही साध्या चित्रांनी. १९८०च्या दशकात अमेरिकेतील परिचर्यातज्ज्ञ डोना वाँग आणि त्यांच्या सहकारी कॉनी बेकर यांनी हसऱ्या चेहऱ्यापासून रडक्या चेहऱ्यापर्यंत सहा चेहऱ्यांची एक पट्टी तयार केली. मूल ज्या चेहऱ्यावर बोट ठेवील, तितकी त्याची वेदना. ज्यास बोटही ठेवता येत नाही, अशा लहानग्यासाठी १९९७ साली आणखी एक मोजपट्टी आली: चेहरा, पाय, हालचाल, रडणे आणि समजूत पटणे या पाच गोष्टी पाहून गुण द्यावयाचे. परकायाप्रवेश हा नव्हे, पण उंबरठ्यापर्यंत जाणे खचितच आहे.

अदृश्य होण्याची इच्छा ऐकून अनेकांस आश्चर्य वाटेल. सदैव जागेवर दिसावी अशी जिच्याकडून अपेक्षा, तिने नाहीसे होऊ इच्छावे? पण तिला ते हवे असते केवळ औषधे देण्याच्या वेळेपुरते. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ ही पाच पथ्ये परिचर्येच्या विद्यार्थिनींकडून पाठ करून घेतली जातात. ती पाळण्यासाठी मन दहा-पंधरा मिनिटे एकाग्र राहावे लागते. नेमक्या त्याच वेळी कोणी पंखा बंद झाल्याचे सांगते, कोणी डॉक्टर कधी येणार ते विचारते, दूरध्वनी वाजतो. सिडनीतील दोन रुग्णालयांत ९८ परिचारिकांचे निरीक्षण करून २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की औषध देताना आलेल्या प्रत्येक व्यत्ययासरशी कार्यपद्धतीतील त्रुटी आणि प्रत्यक्ष औषधातील चुका या दोन्ही सुमारे बारा टक्क्यांनी वाढतात. नोटा मोजणाऱ्या रोखपालास मध्येच हाक मारू नये, हे प्रत्येक ग्राहकास कळते. त्याच ग्राहकाच्या हाती रुग्णाची फाईल आली, की हे भान कोठे जाते कोण जाणे. इंग्लंडातील काही रुग्णालयांत औषधफेरीच्या वेळी परिचारिका ‘व्यत्यय आणू नये’ असे लिहिलेला लाल अंगरखा चढवतात. अदृश्यतेची ही शिवलेली आवृत्ती. भारतीय कुटुंबांपुरते बोलायचे, तर एका रुग्णाच्या चार नातेवाइकांनी चार वेळा तोच प्रश्न विचारण्याऐवजी एकानेच, प्रश्न कागदावर लिहून, औषधफेरी संपल्यावर विचारले, तरी अर्धी अदृश्यता साधेल. त्यास कोणताही खर्च नाही.

आतापर्यंतच्या मागण्या कामाच्या सोयीच्या होत्या. त्यापलीकडे दोन मागण्या जिवाशी संबंधित आहेत: रोग न जडणारे शरीर आणि भय न वाटणारे मन. २०१८ च्या मे महिन्यात केरळमधील कोळिकोड जिल्ह्यात निपाह विषाणूची साथ आली, तेव्हा पेरांब्रा येथील तालुका रुग्णालयातील परिचारिका लिनी पुथुसेरी यांनी सुरुवातीच्या रुग्णाची शुश्रूषा केली. तो आजार कोणता, हे त्या वेळी कोणालाच ठाऊक नव्हते. त्यांना संसर्ग झाला आणि २१ मे रोजी त्यांचे निधन झाले. त्यांची दोन मुले तेव्हा लहान होती. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या कामा रुग्णालयात अतिरेकी शिरले, तेव्हा प्रसूतिपूर्व कक्षात अंजली कुलथे या परिचारिका कामावर होत्या. त्यांनी कक्षाचे दरवाजे लावून घेतले, वीस गर्भवती स्त्रियांना लहानशा पँट्रीत हलवले, आणि त्यांतील एकीस कळा सुरू झाल्या तेव्हा तिला भिंतीच्या आडोशाने प्रसूतिकक्षापर्यंत नेले. पुढे न्यायालयात साक्षीस जाताना त्यांनी परिचारिकेचा गणवेशच घातला होता, आणि २०२२ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे त्यांनी त्या रात्रीची हकीकत सांगितली.

अशा प्रसंगांनंतर समाजाची एक ठरलेली प्रतिक्रिया होते: या स्त्रिया नव्हेत, देवता आहेत. या उद्गारामागची कृतज्ञता खोटी नसते. तरीही तो तपासून पाहिला पाहिजे. त्या रात्री कामा रुग्णालयात जे घडले, त्यात दैवी असे काहीच नव्हते. कक्षाचे कोणते दार कसे लागते, पँट्रीत किती जणी मावतील, कोणत्या रुग्णाचा रक्तदाब वाढलेला आहे, हे त्या परिचारिकेस रोजच्या कामामुळे ठाऊक होते. आणि निपाहच्या वेळी जे उणे पडले, ते वेळेवर आलेल्या इशाऱ्याचे आणि संसर्ग रोखणाऱ्या साधनांचे. देवता म्हटले की हा सारा तपशील पुसला जातो. देवीला आठ हात असतातच, तिला मदतनीस कशाला? तिला रोग जडत नाही, तेव्हा हातमोज्यांची काटकसर चालते. ती झोपत नाही, म्हणून सलग रात्रपाळ्या लावता येतात. २०२० च्या मार्चमध्ये टाळ्या आणि थाळ्या वाजल्या, मे महिन्यात हवाई दलाने रुग्णालयांवर फुले उधळली. त्याच काळात अनेक परिचारिका संरक्षक पोशाखात सहा-सहा तास पाणी न पिता काम करत होत्या, कारण प्रसाधनगृहात जायचे तर पोशाख उतरवावा लागे आणि दुसरा मिळेलच अशी खात्री नसे. ज्यांच्यावर फुले पडत होती, त्यांनाच भाड्याच्या घराचे मालक आणि सोसायटीतील शेजारी दारात अडवत होते. वैद्यकीय कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांना कठोर शिक्षा ठरवणारा वटहुकूम केंद्र सरकारला त्याच वर्षी एप्रिलमध्ये काढावा लागला, याचा अर्थ पुरेसा स्पष्ट आहे. वशित्वाची सिद्धी परिचारिकेस हवी असते ती येथे, कक्षाच्या दारात उभ्या असलेल्या संतप्त जमावापुरती.

गौरव हा खर्चाच्या सदरात कमी पैशांत बसणारा असतो. वेतनाचे तसे नाही. खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या तुटपुंज्या वेतनाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१६ च्या जानेवारीत न्यायालयाने केंद्रास समिती नेमण्यास सांगितले. त्या समितीने दोनशेहून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयांत वेतन राज्य शासनाच्या परिचारिकांइतके असावे आणि पन्नासहून कमी खाटांच्या रुग्णालयांतही ते वीस हजार रुपयांखाली नसावे, अशी शिफारस केली. तीन-चार वर्षांचे शिक्षण घेतलेल्या, ज्यांच्या हातून चूक झाल्यास माणूस दगावू शकतो अशा व्यक्तीसाठी हा आकडा किमान म्हणून लिहून द्यावा लागला. शिक्षणाच्या कर्जाचे हप्ते फेडणाऱ्या किती परिचारिकांची खाती शाखेत आहेत, आणि महिन्याच्या वीस तारखेनंतर त्यांत काय उरते, हे या मासिकाच्या वाचकांपैकी काउंटरच्या अलीकडच्या मंडळींना चांगले माहीत असते. परदेशी जाणाऱ्या परिचारिकांची संख्या पाहून ज्यांना खेद होतो, त्यांनी ही पासबुके एकदा चाळावीत.

यावर नेहमीचा आक्षेप येतो, की देशापुढे प्रश्न अनेक आहेत, पैसा मर्यादित आहे, आणि सेवाभाव असला की उणिवा भरून निघतात. आक्षेपाचा पहिला भाग मान्य करण्याजोगा आहे. दुसऱ्या भागास उत्तर द्यायचे तर जिच्या सेवाभावाचे दाखले सर्वाधिक दिले जातात, तिच्याकडेच जावे.

१८५३ साली फ्लॉरेन्स नाइटिंगेल लंडनच्या हार्ले स्ट्रीटवर आजारी स्त्रियांसाठी चालवल्या जाणाऱ्या एका लहानशा संस्थेच्या अधीक्षक झाल्या. क्रिमियाचे युद्ध अजून सुरू व्हायचे होते आणि हाती दिवा घेतलेली ती सुप्रसिद्ध प्रतिमा जन्मास यायची होती. संस्थेच्या व्यवस्थापकांकडे त्यांनी ज्या मागण्या केल्या, त्यांत प्रार्थना, त्याग, करुणा यांचा उल्लेख शोधून सापडत नाही. गरम पाणी नळाने प्रत्येक मजल्यावर आले पाहिजे. रुग्णांचे जेवण खालून वर चढवण्यासाठी रहाटासारखे यंत्र बसवावे. आणि घंटा: प्रत्येक रुग्णाच्या खाटेपासून दोरी निघून ती त्या-त्या मजल्यावर परिचारिकेच्या दाराबाहेर वाजावी, आणि प्रत्येक घंटेस एक झडप असावी, घंटा वाजताच ती झडप उघडावी आणि उघडीच राहावी, म्हणजे परिचारिका क्षणभर दूर असली तरी परत येताच तिला कोणी बोलावले ते दिसेल. ही व्यवस्था नसेल तर परिचारिका म्हणजे जिने चढणारे-उतरणारे दोन पाय तेवढे उरतात, असे त्यांचे म्हणणे होते. इतके करूनही त्या थांबल्या नाहीत. पुढे युद्धातील मृत्यूंची आकडेवारी त्यांनी वर्तुळाकार आकृत्यांत मांडून सरकारपुढे ठेवली. सैनिक जखमांपेक्षा अस्वच्छतेने होणाऱ्या रोगांनी अधिक मरत होते, हे त्या आकृत्यांतून एका दृष्टिक्षेपात कळत असे. दिव्याची गोष्ट मात्र शाळेच्या पुस्तकात आली आणि नळाची, रहाटाची, आकृत्यांची मागे राहिली.

हवी ती वस्तू जागच्या जागी हाती येणे, याला योगशास्त्र प्राप्ती म्हणते. नाइटिंगेल यांनी त्यासाठी नळ आणि दोरी मागितली. ती मागणी अद्याप शिळी झालेली नाही. कापूस संपला म्हणून भांडारापर्यंत, रक्ताची पिशवी आणण्यासाठी रक्तपेढीपर्यंत, चालू असलेले रक्तदाबाचे यंत्र शोधण्यासाठी शेजारच्या कक्षापर्यंत अशा फेऱ्यांत पाळीचा मोठा भाग जातो आणि तेवढा वेळ खाटेपाशी कोणी नसते. बँकेच्या शाखेत आता टोकनाचा क्रमांक दिव्याच्या फळीवर झळकतो आणि कोणता ग्राहक कोणत्या खिडकीशी जावयाचा ते सर्वांना दिसते. झडपेच्या घंटेचेच हे पुढचे रूप. मोठ्या खासगी रुग्णालयांत खाटेशी कळ असते. ती दाबली की परिचारिकेच्या टेबलावर दिवा लागतो. अनेक सार्वजनिक रुग्णालयांच्या सर्वसाधारण कक्षांत मात्र रात्री दोनच्या सुमारास उशाशी बसलेला नातेवाईक स्टुलावरून उठतो, झोपलेल्या माणसांच्या पायांतून वाट काढत टेबलापर्यंत जातो, टेबल रिकामे पाहून कक्षाच्या दुसऱ्या टोकापर्यंत जातो, आणि कोणाच्या तरी जखमेवर पट्टी बांधत असलेल्या परिचारिकेस हलक्या आवाजात सांगतो, “सिस्टर, बारा नंबरचं सलाईन संपत आलंय.”